होडीपर्यंत पोचलेला आवाज

इकडे ये गो, उंबऱ्यावर काय बसतेस परक्यासारखी? सरक जवळ. आणि तो गळपट्टा काढ आधी, या उकाड्यात कसला गळा जपतेस? गाणं शिकते म्हणून सांगायचं आणि मघाशी विहिरीपाशी मावशीला केवढ्यांदा हाका मारत होतीस! मी आतून ऐकत होते हो. तुझ्या गाण्याच्या बाईंनी ऐकलं असतं तर? बस. माझ्या गाण्याचं तू विचारलंस म्हणून सांगते, एरवी मी हे काढत नाही.

आमचं माहेर मिठबावला, अगदी वाळूला लागून. बाबांची होडी, आई मासे विकायची. गावात एक बुवा होते. नाटक कंपनीत पेटी वाजवून वाजवून म्हातारे झाले आणि गावी परतले. देवळातल्या भजनात त्यांनी माझा आवाज हेरला. मी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची असेन. बुवांची बेळगावात एका गवयांशी ओळख होती. ते गुरुजी आपल्या घरी मुलंमुली ठेवून शिकवायचे. जेवणखाण तिथेच, शिकवणी तिथेच, त्याबदली घरातली कामं करायची. वर्ष-दीड वर्ष ते बघायचे. मग दसऱ्याला सगळ्यांना एकेक करून ऐकायचे आणि ज्याला ठेवायचं त्याच्या मनगटाला गंडा बांधायचे. गंडा म्हणजे काळा दोरा, पण तो बांधला की तू त्यांची. ज्याला बांधला नाही त्याने सामान उचलायचं.

बुवांनी घरी विषय काढला. बाबा लगेच तयार, आईचं मात्र भलतंच.

"मासे नाय खाणत ते?" तिने विचारलं.

"नाय गो, शाकाहारी घर."

"मगे आवाज खंयसून येतलो?"

बुवा इतके हसले की खोकला लागला. पण आई हसली नाही. मासे न खाता आवाज कुठून येणार, असं तिने खरंच विचारलं होतं.

गेले मी. आंबोलीचा घाट चढताना गाडीत ओकले, तेवढं आठवतं. गुरुजींकडे आम्ही पाच-सहाजण. पहाटे उठून खर्ज लावायचा, म्हणजे सगळ्यात खालचा सा. तो तासभर धरून बसायचं. समोर समई ठेवायची आणि तोंड ज्योतीच्या इतकं जवळ न्यायचं की गाल तापायचे. ज्योत हलली की गुरुजी म्हणायचे, "वारा सोडलास, सूर नाही सोडलास." बाकी काही नाही. गाणं म्हणून एक ओळ मिळायला सहा महिने गेले. मला आवडायचं का? आता सांगता येत नाही. समईच्या तेलाचा वास मात्र अजून येतो कधी.

पहिलं वर्ष सरलं, दुसऱ्या श्रावणात नारळी पौर्णिमेला गुरुजींनी घरी सोडलं. दसरा पुढे पावणेदोन महिन्यांवर. माझ्यावर त्यांचा जीव आहे असं बाकीची मुलं म्हणायची. मलाही तसं वाटायला लागलं होतं.

पौर्णिमेला आमच्याकडे समुद्राला नारळ दिला की होड्या पाण्यात लोटतात. किनाऱ्यावर सगळा गाव. बाबांनी मला पुढे उभं केलं. "बेळगावाक शिकता," असं ज्याला त्याला सांगत होते. तेवढ्यात आमचा शेजारी, होडीवरचा भिडू, म्हणाला, "शिकता तां खरां, पण आवाज सुटलो काय? खंयपर्यंत जाता तो तरी बघया."

आता तुला हसू येईल. पण समुद्रावरच्या माणसाला आवाज म्हणजे काय? वाऱ्यावरून हाक होडीत पोचली पाहिजे. न पोचली तर माणूस जातो. आमच्याकडे आवाजाला दुसरं मापच नव्हतं. बाबा तर त्यातच वाढलेले. त्यांनी होडी लोटली, शेजाऱ्याला बरोबर घेतलं आणि जाता जाता ओरडले, "गा गो बाय! आयकाक इला की मी मुंडासा हलवतंय!"

मी गायले. त्यांनी डोक्याचं मुंडासं सोडून हलवलं. वाळूवर टाळ्या. मग शेजाऱ्याने वल्ही मारली, होडी पुढे. मी चढा सूर लावला. परत मुंडासं हललं. कोणीतरी म्हणालं, "फुडे घे रे, फुडे!" श्रावणातला समुद्र कसा गाजतो तुला माहीत आहे. तरी मी गायले. आई माझ्या शेजारीच होती, तिने पदर तोंडाला लावला होता, डोळे भरून आले होते तिचे. होडी पाण्यातल्या खडकापलीकडे गेली, एवढीशी दिसायला लागली. मी होता नव्हता तेवढा आवाज लावला. आणि मुंडासं हललं. गाव नुसता नाचला. बाबा परत आले ते कमरेपर्यंत भिजलेले, मला उचलून घ्यायचं तेवढं राहिलं.

दुसऱ्या दिवशी तोंडातून आवाज फुटेना. "दमलाहा चेडू," आई म्हणाली, तिला वाटलं पोर नुसती दमली. मिरी, मध, हळदीचं दूध, सगळं झालं. थोडा आला, घोगरा.

बेळगावला गुरुजींनी सा लावायला सांगितला. ऐकला. "कुठे गायलीस?"

"घरी."

"कशी?"

मी सांगितलं. होडी, मुंडासं, सगळं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी डोळे मिटले नि म्हणाले, "दसऱ्यापर्यंत बोलायचं नाही. एक शब्द नाही." मग मी मुकी राहिले. तंबोरा छेडायचा, दुसऱ्यांचं ऐकायचं, भाजी चिरायची. पहिले काही दिवस रडायला यायचं. नंतर तेही थांबलं. आत काही हलायचंच नाही.

दसऱ्याला बाबा आले. कोट शिवून घेतला होता, डोक्याला नवी टोपी. मागे भिंतीशी बसले. माझी पाळी आली. समोर समई नव्हती, तरी मी आपली तशीच बसले, तोंड पुढे काढून. सा लावला. लागला गो, चुकला नाही. पण वरच्या सुरात गेल्यावर तो मधेच फाटला, जुनं लुगडं फाटतं तसा. मी परत लावला. परत तिथेच. गुरुजींनी हात वर केला. "पुरे. आत जाऊन चहा घे."

बाकीची मुलं अजून गायची होती. कोणालाच मधे चहाला पाठवलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन चहा घेतला. साखर जास्त झाली होती. बाहेर सोलापूरकडच्या एका मुलीला गंडा बांधत होते, ते टाळ्यांवरून कळलं.

गुरुजी बाबांना फार गोड बोलले. मुलीचा कान चांगला आहे, पुढे लहान मुलांना शिकवील. बाबा नुसते मान हलवत होते. शेवटी विचारलं, "म्हणजे ऱ्हवतली ना?"

"नाही हो," गुरुजी म्हणाले. कारण त्यांनी सांगितलं नाही. मीही नाही.

परतीची गाडी धरली. आंबोलीला गाडी थांबली तेव्हा त्यांनी भजी घेतली. पाऊस पडतच होता. पुडी माझ्या हातात देत म्हणाले, "बंद खोलयेत गावक लावतत ते. थंय आवाज कसो सुटतलो? तुजो दोष नाय गो बाय."

मी भजी खाल्ली. गरम होती एवढंच कळलं. त्यांच्याकडे बघितलं, टोपी भिजून कपाळावर आली होती. म्हटलं, "होय बाबा."

पुढे लग्न होऊन धामापूरला आले. आरतीत सगळ्यांबरोबर म्हणते, वरचा सूर आला की ओठ हलवते. बाबा मरेपर्यंत लोकांना सांगायचे, माझ्या चेडवाचो आवाज त्या खडकापलीकडे गेल्लो, मी स्वतः आयकलंय. मी समोर असले तरी सांगायचे. मी त्यांना पाणी आणून द्यायचे. वाईट वाटतं का म्हणून विचारतेस? मला खरंच माहीत नाही. त्या आठवणीला हात लावून बघते तर काही दुखत नाही. दुखायला हवं होतं, नाही?

जा, तुझी एसटी येईल. खोबऱ्याच्या वड्या डब्यात घातल्यात. हाका मारू नको कोणाला. आणि सुट्टी लागली की पहिली इथे ये. वर्ष वर्ष लावू नको. गा म्हणून नाही सांगत मी, नुसती ये, बसू दोघी.