भारनियमनातली अमेरिका

आमच्या ग्रुपचा एक कडक नियम होता: ज्याची लाइट गेली आहे त्याला वादात हरवायचं नाही.

दोन हजार पाच-सहाचा सुमार असेल. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरचे पन्नास-साठ लोक ई-मेलच्या एका ग्रुपवर ऐंशीच्या दशकातली पॉप गाणी एकमेकांना पाठवायचे. सकाळी गाणं आणि मग दिवसभर भांडण. कॅसेटचा आवाज भारी की एमपीथ्रीचा, मतदान यंत्र भरवशाचं की कागद, हा देश लष्कराच्या ताब्यात द्यावा की कॉम्प्युटरवाल्यांच्या. चोरीच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर बसून, फुकट उतरवलेली गाणी ऐकत आम्ही भ्रष्टाचारावर इतकं पोटतिडकीने लिहायचो की माझ्याच डोळ्यांत पाणी यायचं.

पण तिन्ही गावांत रोज तीन-चार तास भारनियमन, आणि प्रत्येक भागाची वेळ वेगळी. अंबरनाथचा माणूस मुद्दा मांडता मांडता गडप झाला की बदलापूरचा लगेच लिहायचा, ‘बघा, उत्तर नाही!’ म्हणून ग्रुप चालवणाऱ्या साहेबांनी फर्मान काढलं, की प्रत्येकाने मेलच्या खाली आपला भाग आणि लाइट जायची वेळ लिहावी. साहेब अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी होते, फर्मानं काढायची सवय जुनी. त्यांच्याकडे इन्व्हर्टर होता. तो कुठल्याही विषयात यायचाच.

माझ्या मेलखाली असायचं: ‘विठ्ठलवाडी, साडेनऊ ते साडेबारा.’ बस. नाव नाही, आडनाव तर नाहीच. ग्रुपवर मी ‘कॅसेटवाला’ होतो. स्टेशनजवळ एका सिंधी शेठच्या दुकानात कॉम्प्युटर जोडायचो आणि तिथूनच मेल टाकायचो. गाणी बाबांची. ते कारखान्यात फिटर होते. रविवारी सकाळी बुद्धवंदना झाली की टेपवर डिस्को लावायचे आणि आई ‘शेजारी काय म्हणतील’ म्हणेपर्यंत आवाज वाढवत न्यायचे. त्यांच्या दोनेकशे कॅसेटी मी एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवल्या. शेठ ओरडायचा, “साईं, गाना सुनता है के मदरबोर्ड बिठाता है?” मी दोन्ही करायचो.

ग्रुपवर मला मान होता. शुद्ध मराठी, बरं इंग्रजी, गाण्याची जाण. एवढ्यावरून मंडळींनी माझं आडनाव मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं. एकाने तर श्रावणात विचारलं, ‘काय कॅसेटवाले, जानवं बदललंत का?’ मी त्याला उत्तरादाखल गाणं पाठवलं. त्याला वाटलं, हो म्हणतोय. शाळेपासून माझं आडनाव ऐकलं की लोकांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी पाहत आलो होतो. इथे चेहरेच नव्हते. हे असंच चालू राहावं, एवढीच माझी धडपड होती.

ग्रुपचं दैवत म्हणजे अमेरिकेतले काका. त्यांच्या मेलखाली लाइटची वेळ नव्हती. ‘न्यू जर्सी, इथे लाइट जात नाही’ असं होतं. आपल्याकडे दुपारचे दोन म्हणजे तिकडे पहाटेचे चार, तरी काका आमच्यासाठी जागून लिहितात याचं सगळ्यांना केवढं कौतुक! तिथले रस्ते, तिथली शिस्त, तिथे सगळं कसं गुणवत्तेवर चालतं. मीही वाचायचो. ‘कॅसेटवाल्यांसारखी हुशार मुलं वाया घालवणारा देश’ असं त्यांनी एकदा लिहिलं, तेव्हा त्या मेलची मी प्रिंट काढली होती. आज सांगायला लाज वाटते.

मग राखीव जागांवरून देशभर रणधुमाळी माजली आणि आमच्या ग्रुपलाही कंठ फुटला. काकांनी लिहिलं, ‘कोट्यातल्या इंजिनिअरने बांधलेल्या पुलावर मी पाय टाकणार नाही.’ चाळीस जणांनी वाहवा केली. साहेबांनी पुलाच्या जोडीला इन्व्हर्टरचं उदाहरण दिलं. माझा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा राखीव जागेवरचा. तरी मी दुसऱ्या सकाळी नेहमीसारखं गाणं टाकलं, याचा मला अजून राग येतो.

राग आला की मी जुने मेल चाळतो. काकांचे चाळायला घेतले. दहा ते दीड काकांचा एकही मेल नाही, आधी आहेत, नंतर आहेत. शुक्रवारी तर दिवसभर सामसूम. ही वेळ बदलापूर पश्चिमवाल्यांच्या मेलखाली वाचल्यासारखी वाटली. तिथे माझी मावशी राहते. तिला फोन केला.

“मावशी, तुमच्याकडे लाइट कधी जाते?”

“दहाला जाते मेली, दीडला येते. आन् शुक्रवारी तर दिवसभर कामं काढतात. का रे?”

तरी मी थांबलो. उगाच कुणावर आळ नको. एक तारखेला बदलापूर पश्चिमेचं वेळापत्रक बदलून बारा ते साडेतीन झालं, आणि त्याच दिवसापासून न्यू जर्सीचंही.

मी सगळे मेल वेळेसकट एका यादीत लावले, शेजारी भारनियमनाचं वेळापत्रक ठेवलं आणि ग्रुपवर टाकलं. वाटलं, आता काका तोंड लपवतील. साडेतीनपर्यंत उत्तर नव्हतं, कारण लाइट नव्हती. मग आलं: ‘मी कुठे राहतो याला महत्त्व नाही, मुद्दा बघा. आणि तुम्ही तरी खरं नाव कुठे लिहिलंय?’

अर्ध्या तासात ग्रुपने काकांना माफ केलं. ‘काका, म्हणजे जवळच की, चहाला या!’ कुणीतरी काकांच्या विनोदबुद्धीचंही कौतुक केलं.

काकांचा टोमणा मात्र मला लागला, कारण खरा होता. मी नाव लिहिलं. बापाच्या नावासकट, आडनावासकट. खाली लिहिलं की डिप्लोमा राखीव जागेवरचा, कॅसेटी फिटर बापाच्या, आणि ग्रुपातल्या अकरा जणांचे कॉम्प्युटर मी शेठच्या दुकानात जोडलेत, पैकी एकही अजून पडलेला नाही. सोबत बाबांचं सगळ्यात लाडकं गाणं जोडलं आणि पाठवलं.

उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. लाइट तीन-तीन दिवस कुणाचीच जात नव्हती, सगळ्यांच्या वेळा मला पाठ होत्या. चौथ्या दिवशी काकांनी मेलखाली ‘बदलापूर पश्चिम’ लिहून नद्या जोडण्याचा विषय काढला आणि सगळे त्यावर तुटून पडले.

संध्याकाळी दुकानात साहेबांचा फोन आला. आवाज हळू, काळजीचा.

“अहो, कशाला लिहिलंत ते सगळं? कुणी विचारलं होतं का?”

“काकांनी विचारलं होतं.”

“ते सोडा हो, ते असेच. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. खरं सांगतो, आम्हाला तर तुम्ही अगदी आपल्यातलेच वाटत होतात.”