एक पिंपळाखाली, एक नळापाशी

आधीच सांगते, मी शाळेत फिजिक्स शिकवते. असले अनुभव सांगणाऱ्यांना मी आजवर उलटसुलट प्रश्न विचारून हैराण केलंय... आता माझी पाळी आली, तर तक्रार करायला तोंड नाही.

आम्ही भोपाळचे, बरखेड्याच्या क्वार्टरमधले. बाबा तिथल्या कारखान्यात फोरमन. सोमवारी सगळे लालघाटीच्या गुफा मंदिरात जायचो. बाबांची एक खोड होती – देवळाबाहेर चपलांची जोडी फोडायची. एक पिंपळाखाली, दुसरी पार नळापाशी. "एकच चप्पल कोण चोरणार?" आमच्याही चपला ते स्वतः तशाच ठेवायचे.

लग्नानंतर एकदा सासरची माणसं सोबत होती. त्यांच्यासमोर मी म्हणाले, "बाबा, लाज वाटते हो मला." ते नळापाशी गेले, माझी चप्पल उचलून आणली आणि जोडी नीट लावून ठेवली. दोन महिन्यांत ते गेले. माफी मागायची राहूनच गेली.

क्वार्टर सोडायची वेळ आली तरी आई हटेना. रडतही नव्हती. "हे आले आणि दाराला कुलूप दिसलं तर?" एवढंच म्हणायची. शेवटी एका सोमवारी भरदुपारी मी तिला गुफा मंदिरात नेलं. दोघींच्या चपला मीच पिंपळाखाली ठेवल्या, शेजारी शेजारी.

वाकून गुहेत गेलो, पिंडीवर पाणी घातलं, दहा मिनिटांत बाहेर आलो. पिंपळाखाली आईची एकच चप्पल. समोरच्या फुलवालीला विचारलं. "हम तो यहीं बैठे हैं बिटिया, कोई नहीं आया."

मी कुत्र्यांना शिव्या घालत शोधायला लागले. आई मात्र सरळ नळाकडे चालत गेली. चप्पल तिथे होती... भिंतीला टेकवून उभी, बाबा ठेवायचे तशी. आई तिथेच ओल्यात बसली आणि इतक्या महिन्यांचं एकदम रडली.

"चल, सामान बांधू," रिक्षात म्हणाली. "यांना आपण कुठेही सापडू."

कुत्रा, पोरांची चेष्टा, माझाच विसराळूपणा – सगळं लावून पाहिलं, काही जुळत नाही. पण मला छळतं ते वेगळंच. माझी जोडी पिंपळाखाली जशीच्या तशी होती. त्यांनी माझं ऐकलं, की ते अजून दुखावलेत?

मी आजही सोमवारी जाते. पिंपळाखाली चपला काढते. बाहेर येते तेव्हा दोन्ही तिथेच असतात, शेजारी शेजारी.