अर्ध्या कादंबरीवर दिलेलं पूर्ण मत

मंडळी, आज मला फार अपराधी वाटतंय.

मागच्या महिन्यात मी इथे काही पुस्तकांवर मतं लिहिली होती. रहस्यकथेतला खुनी लगेच ओळखू येतो, प्रवासवर्णन सुरेख आहे, कविता डोक्यावरून गेल्या आणि कादंबरी अगदी हलकीफुलकी, मन प्रसन्न करणारी. खरं तर ती कादंबरी मी निम्मीच वाचली होती.

बंगळुरूत बेळ्ळंदूरच्या आमच्या बिल्डिंगमधल्या सुमाअक्कांनी पोस्ट वाचून ती कादंबरी माझ्याकडून नेली. त्यांचे यजमान यंदाच कॅन्सरने गेले.

आज दुपारी त्या पुस्तक परत द्यायला आल्या. "पुढे त्या नायिकेचा नवरा आजारी पडतो गं. आयसीयूबाहेरचं बसणंसुद्धा लिहिलंय. तू हलकंफुलकं म्हणालीस म्हणून नेलं मी."

"अक्का, मी तिथपर्यंत वाचलंच नव्हतं."

त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं. "सरी, ठीक आहे. मग तसं लिहायचंस ना." चहा ठेवला होता, तो न घेताच गेल्या.

त्या गेल्यावर मी उरलेलं पुस्तक वाचून काढलं. आयसीयूचं प्रकरण वाचताना मला दोनदा थांबावं लागलं. अक्कांनी ते घरात एकट्यानं वाचलं असेल.

जुनी पोस्ट दुरुस्त केली आहे. उद्या त्यांच्याकडे जाणार आहे, पण काय बोलावं ते सुचत नाही. तुम्ही काय बोलला असता?