कपेका मावशीनं दिलेलं घर

सकाळच्या ओहोटीला पिलिपो ‘जरा फिरायला’ म्हणून निघाला, की मोलोकाई बेटावरच्या त्या वस्तीत कुणी त्याला काही विचारत नसे. मासे मारायला निघालेल्याला ‘कुठं निघालास’ म्हटलं, की समुद्र हात आखडता घेतो. या चालीनंच पिलिपोची लाज आजवर झाकली होती. कारण अलीकडे तो खडकांकडं जातच नव्हता. माडांमागच्या वाटेनं दुकानात जायचा आणि बर्फातला ऑक्टोपस पिशवीत घालून आणायचा.

डोळ्यांवर पडदा आला होता. पाण्याखालचा दगड कोणता आणि दगडाचा रंग घेऊन बसलेला ऑक्टोपस कोणता, हे आता कळेना. पण भाल्याचा माणूस म्हणून साऱ्या किनाऱ्यावर त्याचंच नाव. ते गेलं की म्हाताऱ्याजवळ उरतं काय?

अंगणात बसून तो ऑक्टोपसला खडे मीठ चोळू लागला. माल आधीच मऊ पडलेला. ताज्याला सुटतो तसा फेस काही सुटेना.

“चोळ, चोळ,” अळूची पानं चिरता चिरता त्याची बायको लोके म्हणाली. “मेलेल्याला अजून मार. शेजारी ऐकतायत.”

“हळू बोल की गं.”

“मी हळूच बोलते. तुझं चोळणंच मोठ्यानं चाललंय.”

अळू तिनं रटरटू दिलं; कच्चं राहिलं तर घसा खाजवून सोडतं. मग नारळाचं दाट दूध घातलं, मग ऑक्टोपसचे तुकडे.

जेवायला कपेका मावशी आली, नातीचा, लिलिनोएचा हात धरून. ऑक्टोपस खडकातल्या ज्या बिळात राहतो त्याला तिथं घर म्हणतात. एक मारला की त्याच घरात दुसरा येऊन राहतो, म्हणून ते कुठं आहे हे कुणी कुणाला सांगत नाही. मावशीचा नवरा गेला तेव्हा लिलिनोए पाळण्यात होती, आणि मावशीनं नवऱ्याचं ते खडकातलं घर पिलिपोच्या हवाली केलं होतं.

पहिला घास घेऊन मावशीनं डोळे मिटले. “ह्यांच्या घरचाच हा,” ती म्हणाली. मिटल्या पापण्यांतून पाणी आलं. “अजून येतो ना रे तिथं?”

अळू चांगलं शिजलं होतं, तरी पिलिपोचा घसा खाजू लागला. लोकेनं मान खाली घातली.

“मावशी, दुकानातला आहे हा.”

“काय म्हणतोस?”

“मागचे सगळेच दुकानातले. मला दिसत नाही गं आता.”

मावशीनं वाडगा खाली ठेवला. “डोळे जातात. त्याची कसली लाज? पण ही पोर भाला घेऊन रोज रिकाम्या हातानं परत येते. आणि तू वर हसतोस तिला, पोरींना जमत नाही म्हणतोस! घर माझं होतं, पिलिपो. तू त्याला कुलूप घालून बसलास.”

कुणी मारलं असतं तर बरं, असं त्याला झालं.

दुसऱ्या सकाळी तो लिलिनोएला घेऊन खडकांवर गेला. गुडघाभर पाण्यात पायाच्या बोटांनी दगड चाचपत राहिला. “इथंच... नाही, थांब. त्या फटीच्या डावीकडं.” फटी सगळ्या सारख्याच. भरतीचं पाणी मांडीला लागलं. नवऱ्यामागं मावशीनं विश्वासानं दिलेलं ते घर, तेही त्यानं हरवलं होतं.

“असू द्या काका,” लिलिनोए म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला सोसेना.

ती एकटीच पुढं गेली. थोड्या वेळानं तिच्या पायांचा आवाज थांबला. पाण्यात भाला शिरल्याचा आवाज आला, मग धडपड, मग तिचं दबलेलं हसू.

पिलिपोनं लगेच तोंड किनाऱ्याकडं फिरवलं. दुसऱ्याचं घर पाहू नये. त्याला तसंही काही दिसलं नसतं. पण मान वळवणं तेवढं अजून त्याच्या हातात होतं.