पिन नको म्हणणारे गंगाधरराव

लोखंडाला लोखंड जोडायचं तर काढता-घालता येणाऱ्या पिनेचा गंगाधररावांना मनस्वी राग. चौतीस वर्षं रेल्वेच्या वॅगन कारखान्यात वेल्डिंग केलेला माणूस. ते म्हणायचे, पिन म्हणजे भाडेकरू, केव्हा निघून जाईल नेम नाही, आणि वेल्डिंगचा टाका म्हणजे घरजावई. टाका पक्का बसला की नाही हे ते ठोकून ऐकत. खणखण वाजला तर पक्का, बद्द वाजला तर कच्चा. घरातल्या पळीपासून गल्लीतल्या फाटकापर्यंत त्यांनी काहीही ठोकायचं सोडलेलं नव्हतं, आणि त्यांच्या बायकोचे, रमाकाकूंचे कान किटून गेले होते.

छत्तीसगढ वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं, आणि तिथल्या बूढापारा मोहल्ल्यात घरोघरी नव्या खात्यांच्या नोकऱ्यांची स्वप्नं पडू लागली. गंगाधररावांच्या मुलाला, वरदला तर लागलीही. कंत्राटी होती. काम हातपंपांच्या पाहणीचं, आणि तेही जगदलपूरच्या पुढे, पार जंगलात, जिथं दिवसभर जीप हाकली तरी डिझेलचा पंप दिसत नाही. जीप त्याची स्वतःची, जुनी. श्रावणात ती एकदा तिकडे बंद पडली. एक टायर फुटलं, स्टेपनी लावली, ती पण बसली, आणि पोट्ट्याचा तीन दिवस पत्ता नाही. ते तीन दिवस गंगाधरराव कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथच्या बाकावर बसून होते.

पोरगा परत आला तेव्हा त्याला ‘आता जाऊ नको’ म्हणायचं त्यांच्या अगदी ओठांवर होतं. पण सत्तावीस वर्षांच्या, पहिल्यांदा नोकरी लागलेल्या मुलाला बापानं हे कोणत्या तोंडानं सांगावं? म्हणून त्यांनी कॅरियर करायला घेतलं. भनपुरीच्या भंगारातून चौकोनी पाइप आणि अँगल आणले. जीपच्या मागे बंद गाडी ओढायला टोचनचा हुक असतो, तिथं बसवायचं. त्यावर एक जास्तीची स्टेपनी आणि डिझेलची दोन कॅनं. नवरात्रभर अंगणात ठिणग्या उडत होत्या.

“बाबा, पिन लगा दो न. निकालने को तो आना चाहिए,” वरद म्हणाला. मराठी त्याला सगळी समजे, उत्तर मात्र हिंदीत. “और पीछे का फाळका भी नहीं खुलेगा.”

“काढून काय कराचं आहे तुले? लोणचं घालतो का?” गंगाधरराव म्हणाले. “सामान पुढून चढव. जंगलात पिन पडली तर मी येऊ का शोधाले?”

आणि अष्टमीला संध्याकाळी त्यांनी ते हुकाला कायमचं जोडून टाकलं. वरदनं दसऱ्याला निघायचं ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडली, हळदकुंकू, झेंडूची फुलं. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, हा रमाकाकूंचा कडक नियम. सासूबाईंपासून चालत आलेला. गंगाधरराव जीपला हार घालायला गेले. टपापर्यंत हात पुरेना, म्हणून चढले आपल्याच कॅरियरवर. जीप नुकतीच धुतलेली, पायाखाली ओलं. कॅरियर जागचं हललं नाही. गंगाधरराव मात्र पाठीमागे गल्लीत पडले, आणि उजवा पाय हलेना.

शेजारचे अच्युतराव दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, “खुबा गेला. बसवू नका. फळीवर आडवंच न्या.” रिक्षात आडवं कोण जाणार? सणाची सुट्टी, फोन करून गाडी मिळेना. जीप दारात उभी, आत माणूस झोपेल एवढी जागा, आणि मागच्या दाराचा फाळका उघडायला गेलं की कॅरियरवर आपटतो. पुढून फळी आत जाईना. तीन वेळा प्रयत्न केला, तिन्ही वेळा गंगाधररावांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली.

वरद पाटाजवळ जाऊन थांबला. रमाकाकूंनीच लोखंड कापायच्या ग्राइंडरवरचं फूल उचललं, कपाळाला लावलं आणि ग्राइंडर त्याच्या हातात दिला. बापानं उभ्या जन्मात त्याला ह्या मशिनीला हात लावू दिला नव्हता. स्टेपनी, कॅनं लांब नेऊन ठेवली.

“कहाँ से काटूँ?”

“टाक्यावर नको,” गंगाधरराव जमिनीवरून म्हणाले. “तो तुह्याच्यानं कटणार नाही. अलीकडं, पाइपावर काप.”

अर्धा तास लागला. स्वतःच्या पक्क्या कामाची इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

ऑपरेशन झालं. वरदचं दसऱ्याचं निघणं त्यानंतरच्या चौथ्या दिवसावर गेलं. त्यापुढे थांबलास तर दुसरा माणूस घेऊ, असा साहेबाचा निरोप होता. त्या दिवशी सकाळीच वरद दुसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात पाया पडायला आला. कॅरियर परत बसवलं म्हणाला, भनपुरीच्या एका कारागिराकडून. हुकाला नवी नळी टाक्यानं जोडून, तिच्यात पिन लावून.

“टाका कसा आहे?” गंगाधररावांनी विचारलं. “चारी बाजूनं फिरवला, का नुसते ठिपके दिले?”

“अच्छा ही होगा, बाबा.”

गंगाधररावांनी उठायला कोपर टेकलं आणि कण्हत परत पडले. खिडकी पलीकडच्या भिंतीला, तिच्यातून रस्ता दिसत नव्हता. जन्मभर दुसऱ्याच्या कामावर विश्वास ठेवला नाही, आणि आता एकुलता एक पोरगा दुसऱ्याच्या टाक्यावर जंगलात चालला होता. त्यांना रडू आलं, ते त्यांनी लपवलंही नाही.

“रमे,” ते म्हणाले, “तू जा त्याच्यासंगं खाली. चमच्यानं ठोकून पाह्य. तुले आवाज माहीत आहे.”

रमाकाकू चमचा घेऊन वरदच्या मागे गेल्या. गंगाधरराव कान देऊन पडून राहिले. खाटांचे आवाज, कोणाचा खोकला, मग खालून जीप सुरू झाल्याचा, आणि लांब गेल्याचा.

रमाकाकू परत आल्या. खाटेजवळ उभ्या राहून म्हणाल्या, “वाजवला मी. खणखण वाजला अगदी. तुमच्यासारखाच आहे टाका, उगाच जीव टांगून ठेवू नका.”

रमाकाकूंना दमा होता. घरातला माळ्याचा जिना चढल्या तरी त्यांना पाच मिनिटं शब्द बोलवत नसे. इथं तर दोन मजले होते, आणि त्या एका दमात सगळं बोलल्या होत्या.

गंगाधररावांनी त्यांच्याकडे पाहिलं. चमचा अजून त्यांच्या मुठीत होता.

“मग ठीक आहे,” ते म्हणाले.