आठव्या दिवसाआधी

निखिलचा फोन आला तेव्हा मी चाकणच्या चौकात कांद्याच्या दोन ट्रकांच्या मधे अडकलो होतो. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी जुन्या कंपनीत मला महिन्यातून एखाद-दोनदा बोलावतात, नव्या मुलांना मापं तपासायला शिकवण्यासाठी, आणि मीही मोठ्या तोऱ्यात जातो. सकाळचे साडेअकरा झाले असतील. "काका, बाबा गेले... दुकानातच," एवढंच तो म्हणाला. पुढे गाडी हलेना आणि मागे वळता येईना. मी काच खाली केली, उगाचच. दुकानाशेजारच्या झेरॉक्सवाल्याने हाक मारली तर उत्तर आलं नाही म्हणून तो डोकावला, तेव्हा निखिलचे बाबा, भानुदासराव, टेबलावर मान टाकून बसले होते आणि डोळ्याचं भिंग डोळ्यालाच होतं, हे मला नंतर कळलं. मी पिंपरीला पोचलो तोवर त्यांना दवाखान्यात नेऊन परत आणलंसुद्धा होतं. आयुष्यभर वेळ सांभाळणाऱ्या माणसाकडे मी शेवटच्या दिवशी दीड तास उशिरा गेलो.

भानुदासराव घड्याळजी होते. पिंपरीच्या बाजारात जिन्याखाली त्यांचं दुकान होतं, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. मूळचे उदगीरकडचे. तिथे एका म्हाताऱ्या उस्तादांच्या हाताखाली काम शिकून ते तरुणपणीच इकडे आले आणि राहिले रहाटणीत, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. पण आमची ओळख शेजारामुळे झाली नाही, ती झाली डायल गेजमुळे. कारखान्यात जाडी मोजायला घड्याळासारखं दिसणारं, काट्याचं एक उपकरण असतं, ते डायल गेज. मी क्वालिटीत होतो. काटा अडकला की आम्ही ते सरळ भंगारात टाकायचो. कुणीतरी म्हणालं, पिंपरीत एक घड्याळजी आहे, तो बघेल. मी चार गेज घेऊन गेलो. त्यांनी एकेक कानाशी धरून ऐकलं, खोललं, आणि म्हणाले, "होतील की. पर आठ दिस लागतील." मी म्हटलं, काम तर तासाभराचं दिसतंय. "काम तासाभराचंच हाय, साहेब. बाकी आठ दिस निगराणी."

ही निगराणी हा त्यांचा धर्मच होता म्हणा. दुरुस्त झालेलं घड्याळ ते भिंतीवरच्या खिळ्याला टांगायचे, खाली एक चिठ्ठी अडकवायचे आणि रोज सकाळी दहाला चावी देऊन किती सेकंद पुढे, किती मागे ते चिठ्ठीवर लिहायचे. आठवी ओळ लिहून झाल्याशिवाय घड्याळ कुणाच्या मनगटावर जायचं नाही. गिऱ्हाईक आरडाओरडा करो, हातापाया पडो, फरक शून्य. उस्तादांनी त्यांना सांगितलं होतं म्हणे की घड्याळ दोन दिवस लाजून नीट चालतं, त्याचा खरा स्वभाव आठवड्याने कळतो. आमच्या मॅनेजरने एकदा गेजसाठी थयथयाट केला तेव्हाही भानुदासरावांनी सहाव्या दिवशी गेज दिलं नाही. मॅनेजर माझ्यावर उखडला, मी त्यांच्यावर उखडलो, आणि आठव्या दिवशी आलेलं ते गेज पुढे अकरा वर्षं चाललं. क्वालिटीचा माणूस असून मी तपासणीची शिस्त शिकलो ती जिन्याखालच्या त्या दुकानात, हे कबूल करायला मला आता लाज वाटत नाही.

माझ्या मुलीच्या साखरपुड्याची गोष्ट तर आमच्या घरी अजून निघते. सासऱ्यांनी लग्नात दिलेलं माझं चावीचं घड्याळ त्यांच्याकडे होतं आणि कार्यक्रम नेमका सातव्या दिवशी. मी म्हटलं, अहो, घरचं कार्य आहे, मित्र ना तुम्ही माझे? त्यांनी स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि माझ्या हातात बांधलं. "हे माझं वापरा. तुमचं उद्या मिळंल." मी फणकारत गेलो. साखरपुड्याच्या सगळ्या फोटोंत माझ्या हातात त्यांचं घड्याळ आहे, पट्टा थोडा सैल. तेव्हा राग आला होता, पुढे मात्र मी ही गोष्ट चारचौघांत त्यांच्यासमोरच तिखटमीठ लावून सांगायचो आणि ते मान खाली घालून हसायचे.

त्यांच्या धंद्याला उतरती कळा कशी लागली हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आधी आमच्याच कंपनीत आकडे दाखवणारी गेज आली, तिकडून येणारं काम थांबलं. मग खिशात फोन आला आणि पुष्कळांनी घड्याळ बांधणंच सोडलं. मग मनगटावर पुन्हा काहीतरी दिसायला लागलं, पण ते घड्याळ नव्हतं, काळी काच होती. कंपनीच्या बसला उभी असलेली पोरं मनगट झटकतात आणि काच उजळते. ही नवी घड्याळं जुन्यांना संपवतील का, असं मला अजून लोक विचारतात, जणू मी घड्याळजींचा वकीलच. संपवतील कसली, संपवली. शोकेसमध्ये, हौशी माणसाच्या पेटीत चार राहतील. पण चावीचं घड्याळ रोज लागतं म्हणून बांधणारा माणूस गेला, आणि तो बिघडलेलं घड्याळ ज्याच्याकडे न्यायचा तोही गेला. गंमत अशी की खुद्द भानुदासरावांना या गोष्टीचा माझ्याइतका त्रास नव्हता. "लोकास्नी जे लागतंय ते लोक घेतील, साहेब. रडून काय काटा उलटा फिरतोय का?" असं म्हणून ते बॅटऱ्या बदलत बसायचे.

या वर्षी उन्हाळ्यात त्यांना घरी चक्कर आली. ठोके अनियमित पडतात, असं डॉक्टरांनी सांगितलं, गोळ्या दिल्या, लक्ष ठेवा म्हणाले. भानुदासरावांच्या पत्नीची, सुमनवहिनींची, झोप तिथेच उडाली. दर तासाला उठून त्या यांच्या नाकाशी हात धरायच्या. निखिल त्यांचा एकुलता मुलगा, हिंजवडीत नोकरीला. त्याने चांगलं महागाचं स्मार्टवॉच आणलं. ठोके चुकले किंवा माणूस पडला की निखिलच्या फोनवर लगेच निरोप जाणार. मला तो बाजूला घेऊन म्हणाला, "काका, बाबा तुमचं ऐकतात. तेवढं घालायला लावा." मी म्हटलं, एवढंच ना, सोड माझ्यावर.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो तर ते स्मार्टवॉच भिंतीवर, खिळ्याला! खाली चिठ्ठी. पहिला दिवस, फरक नाही. मला हसू आवरेना. मी म्हटलं, अहो, हे काय दुरुस्तीला आलंय का? तर ते गंभीरपणे म्हणाले, "माझ्या दुकानातून मनगटावर जाणारं कुठलंबी घड्याळ आठ दिस टांगल्याबिगर गेलं न्हाई. ह्यालाच सूट कशापायी?" त्यांना ते आवडलं नव्हतं असं मात्र नाही. रोज संध्याकाळी ते चार्जरवर ठेवावं लागतं याचं तर त्यांना कौतुक वाटलं. "रोज हात लावावा लागतोय म्हंजे हेबी घड्याळच की," म्हणाले. मलाही पटलं. नवा माल आला की वापरायच्या आधी तपासायचा, हेच तर मी जन्मभर केलं. आठ दिवसांनी काय होतंय, असं मी निखिलला फोनवर सांगितलं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी मी दुकानावरून चाललो होतो. भानुदासरावांनी हाक मारली. खिळ्यावरून घड्याळ काढून त्यांनी हातात घेतलं होतं आणि पट्टा मनगटाभोवती धरून ते बघत होते. "पाच दिस झाले, एका सेकंदाचा फरक न्हाई. पोरगं सारखं फोन करायलंय. घालू का, साहेब?" मला विचारलं त्यांनी. मला! आणि मी, इतक्या वर्षांनी आयती संधी चालून आलेली, ती कशी सोडणार? मी म्हटलं, "वा रे वा! माझ्या मुलीच्या साखरपुड्याला सातव्या दिवशी दिलं नाहीत, आणि स्वतःच्या वेळेला पाचव्या दिवशी? नियम म्हणजे नियम, भानुदासराव." त्यांनी जीभ चावली, कान पकडला आणि मनापासून हसले. "बरोबर हाय तुमचं. चुकलोच." घड्याळ परत खिळ्याला गेलं. आम्ही चहा घेतला. मी अगदी खुशीत घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. चिठ्ठीवर सहावी ओळ होती. फरक नाही.

ते घड्याळ हातात असतं तर ते वाचले असते का, हे मी डॉक्टरांना जाऊन विचारलं. "सांगता येत नाही," म्हणाले. निखिलला निरोप गेला असता, तो हिंजवडीच्या कोंडीत अडकला असता, पण शेजारच्या झेरॉक्सवाल्याला तरी फोन केला असता... मी रोज हा हिशोब मांडतो आणि रोज उत्तर वेगळं येतं. सांगता येत नाही म्हणजे नाही असं नव्हे, एवढं मला कळतं.

लोक भेटायला येत होते. घड्याळ खिळ्यालाच टांगलेलं होतं हे कळल्यावर जो तो विचारायचा, मग घातलं का नाही? निखिल सगळ्यांना एकच सांगायचा, "बाबांचा हट्ट. आठ दिवस म्हणजे आठ दिवस." लोक माना डोलवायचे, होतेच बाबा हट्टी. मी तिथेच, त्याच सतरंजीवर बसलेलो. मी तोंड उघडलं नाही. दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. सुमनवहिनी रडल्यासुद्धा नाहीत. एकदा फक्त माझ्या बायकोला म्हणाल्या, "मी इतक्या विनवण्या केल्या. पण त्यांना माझ्यापेक्षा नियम मोठा होता. असू दे." तेव्हापासून त्या त्यांचं नाव घेत नाहीत. चाळीस वर्षांचा संसार त्या एका वाक्यात गुंडाळून ठेवून बसल्या आहेत, आणि ते वाक्य खोटं आहे हे माहीत असलेला माणूस त्यांच्या समोर बसून चहा पितो.

सहा आठवडे मी हे पोटात ठेवलं. मागच्या रविवारी निखिल दुकान आवरायला गेला, मीही गेलो. भिंतीवरची सगळी घड्याळं थांबली होती, प्रत्येक वेगळ्या वेळेला. मी शटरशी उभा राहून त्याला सगळं सांगितलं. साखरपुडा, पाचवा दिवस, माझी थट्टा. त्याने ऐकून घेतलं. हातातलं खोकं खाली ठेवलं.

"मला माहीत आहे, काका," तो म्हणाला. "त्याच संध्याकाळी बाबांचा फोन आला होता. म्हणाले, घालणार होतो, पण साहेबांनी पकडलं मला. खूप हसत होते."

मग तू सगळ्यांना हट्ट हट्ट का सांगत सुटलास, असं मी कसंबसं विचारलं.

"बाबांचा हट्ट म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही," तो म्हणाला. "तुमचं नाव निघालं असतं. बाबांना ते आवडलं नसतं." मग म्हणाला, "आईला सांगू नका. तुम्ही दोघं येता तेवढाच तिला विरंगुळा आहे. तोही तुटेल."

आणि मग त्याने टेबलावरचं पिवळं फडकं उचललं, गिऱ्हाइकाचं स्टूल पुसलं आणि पायाने माझ्याकडे सारलं. दुकानात कुणीही आलं की भानुदासराव नेमकं हेच करायचे, बोलणं न थांबवता, न बघता. निखिलला आपण काय केलं हे कळलंसुद्धा नसावं. मला त्या स्टुलावर बसवेना. मी उभाच राहिलो.

निखिलने सांगू नका म्हटलं, तरी मी सांगतो आहे, कारण त्या पोराने मला वाचवायला बापाला दोषी केलं आणि त्या दोषाचं ओझं वाहते आहे त्याची आई. सुमनवहिनी रविवारची पुरवणी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. तोंडावर सांगायचं धैर्य मला झालं नाही, म्हणून इथे लिहितो. वहिनी, हट्ट त्यांचा नव्हता. आणि एक गोष्ट मी निखिललाही सांगितलेली नाही. पाचव्या दिवशी पट्टा मनगटाभोवती धरून ते मला आणखी एक वाक्य बोलले होते. "आज घातलं की सुमन निवांत झोपंल," असं म्हणाले होते ते... आणि मी नियम काढला.