पडवीतला आदिमानव

भाऊजी बेकन थंड तव्यावर ठेवायचे. आधी तवा तापवायचा आणि मग त्यावर काही टाकायचं, हे आपल्या घराघरांतलं शास्त्र त्यांना मान्य नव्हतं. बिडाचा काळा तवा, त्यावर एकीला एक लागणार नाही अशा बेताने मांडलेल्या गुलाबी-पांढऱ्या पट्ट्या, आणि खाली न पेटवलेली शेगडी. एवढं करून ते खुर्चीत बसत आणि थोडा वेळ नुसते बघत राहत. "गार असताना मांडायचं, बाळू," मला सांगायचे. "तापल्यावर मांडलं की आक्रसतं. माणसाचं पण तसंच हाय." मी पन्नाशी ओलांडली आहे, डोक्यावर केसांच्या आठवणी तेवढ्या उरल्यात, पण घिवलीच्या त्या पडवीत मी शेवटपर्यंत बाळूच होतो.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बोईसरच्या एका कारखान्यात जन्मभर बॉयलर सांभाळून निवृत्त झालेले, घराच्या मागे नारळ-चिकूची वाडी असलेले. ते गेल्याला बराच काळ लोटला. तरीही रविवारी सकाळी पालघरला माझ्या घरात तो वास येतो. खारट, जरासा धुराचा, गोडसर. मी पेपर खाली ठेवतो. बायको म्हणते, शेजारची मोरी तुंबली असेल. मोरीचा वास मला ओळखता येतो, आमचीही तुंबते. हा तो नसतो.

सगळं सुरू झालं ते त्यांच्या पायाच्या अंगठ्यापासून. साखर वाढलेली, अंगठ्याला बुटाने झालेली जखम काही केल्या भरेना. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल, आणि तेवढ्यावर थांबेल याची खात्री नाही. गोळ्या दिल्या, चालायला सांगितलं, भात-साखर कमी करायला सांगितली. बेकन डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. ते भाऊजींनी पदरचं घातलं. पुण्याला नोकरीला असलेल्या नितीनने, म्हणजे त्यांच्या मुलाने, मोबाईलवर एका दाढीवाल्या गोऱ्या माणसाचे व्हिडिओ पाठवले. शेतीचा शोध लागायच्या आधी माणूस जे खात होता तेच खा, असा त्याचा उपदेश. मांस, अंडी, कंद, पाला. भात, पोळी, डाळ, दूध, साखर बंद. भाऊजींना त्याची भाषा कळत नव्हती, म्हणून ते आवाज बंद करून बघायचे. त्यामुळे तो मनुष्य 'जपून' किंवा 'बेताने' असं काही म्हणाला असेल, तर ते घिवलीपर्यंत पोहोचलंच नाही.

भात सोडला, हे ताईला फार लागलं. आमची उमरोळीला थोडी भातशेती आहे. ताईचं लग्न झाल्यापासून दर वर्षी नव्या तांदळाची पहिली गोण तिच्याकडे जाते. आधी वडील न्यायचे, पुढे मी. नवऱ्याने ताटातला भात बाजूला सारणं म्हणजे तिच्या माहेराला बाजूला सारणं. त्यातून बदल्यात काय आलं, तर बेकन, म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस. आम्ही मासे खाणारी माणसं, कोंबडी-मटणही चालतं, पण डुकराचं नाव आमच्या स्वयंपाकघरात कुणी काढलेलं नव्हतं.

"माझ्या उंबऱ्याच्या आत नाय यायचं ते," ताई म्हणाली.

"आत कोण आणतोय? मी पडवीत हाय," भाऊजी म्हणाले.

आणि खरंच, मागच्या पडवीत त्यांनी वेगळा संसार मांडला. एक शेगडी, तो तवा, लांब चिमटा, कोपऱ्यात जुना छोटा फ्रीज, आणि तव्यात सुटलेली चरबी गाळून ठेवायला लोणच्याची रिकामी बरणी. बोईसरला गोठवलेल्या मालाचं एक दुकान होतं, तिथला पोरगा त्यांना बघूनच हाक मारायचा, "अंकल, आपका वाला आ गया." ताईने त्यांना नाव ठेवलं, आदिमानव. कुणी फोनवर भाऊजींची चौकशी केली तर ती सांगायची, "पडवीत हायेत आदिमानव. विस्तवाचा शोध लागलाय त्यांना नुकताच, आता चाकाचा लागला की कळवते."

पण आदिमानवाचा हात चांगला होता, हे मी खाल्ल्या बेकनला जागून सांगतो. त्या चरबीत परतलेले सुरणाचे काप बाहेरून कुरकुरीत आणि आतून लोण्यासारखे. शेवग्याचा पाला आणि त्यावर फोडलेली अंडी. हिवाळ्यात कोनफळ आणि रताळी मातीच्या मडक्यात भरून वर बेकनच्या पट्ट्या पांघरायच्या, आणि मडकं वाडीत पालापाचोळ्याच्या विस्तवात ठेवायचं. गल्लीतली कुत्री कुंपणाबाहेर ओळीने बसायची, आणि रविवारी कुंपणाच्या आत मी.

चुकायचेही. पावसाच्या तोंडावर बाजारात शेवळं ही रानभाजी येते. शेवळं खाजरी, त्यांच्यात काकडाची आंबट फळं पडलीच पाहिजेत, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. ताईने शेवळांच्या जुडीबरोबर काकडं मोजून उंबऱ्यावर ठेवली. भाऊजींनी ती उचलून परत उंबऱ्यावर ठेवली. "बेकन हाय ना. त्याची चरबी सगळं मारते." पहिल्या घासाला आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दुसऱ्या घासाला माझा घसा असा खाजू लागला की मला आमचे सगळे पूर्वज, थेट आदिमानवापर्यंत, आठवले. ताई दारात आली, कोकमाच्या पाण्याचे दोन पेले उंबऱ्यावर ठेवले, आणि पदर तोंडाला लावून हसत आत गेली. भाऊजी खोकत म्हणाले, "हसली. बघितलंस ना? हसली ती."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, या माणसाला अंगठ्यापेक्षाही दुसरी काळजी आहे.

लग्नापासून ती दोघं समोरासमोर बसून जेवलेली. पहिली पाळी असो की दुसरी, भाऊजी कामावरून येईपर्यंत ताई थांबायची. आता एक पडवीत, एक स्वयंपाकघरात, मध्ये उंबरा. पट्ट्या झाल्या की भाऊजी चिमटा तव्याच्या कडेवर दोनदा वाजवायचे. टक, टक. म्हणजे झालं, या. मी धावायचो. पण ती टकटक माझ्यासाठी नव्हती. ते दाराकडे बघत राहायचे, आणि आतून ताईचा आवाज यायचा, "मी माझं वाढून घेतलंय."

गोण घेऊन मी गेलो की भाऊजी ती स्वतः सोडायचे. मूठभर तांदूळ ओंजळीत घेऊन, डोळे मिटून वास घ्यायचे, खूप वेळ. नव्या कोलमचा तो वास. मग मूठ हळूच परत सोडायचे. "पोचला," म्हणायचे. आणि ताई? ती पडवीत पट्ट्या चुरचुरायला लागल्या की दाराच्या आतल्या बाजूला काहीतरी निवडत बसायची. पदर नाकाला लावलेला, पण उठून जायची नाही. मी दोघांच्या मध्ये उंबऱ्यावर बसलेलो असायचो, म्हणून मला दोन्हीकडचं दिसायचं.

एका वर्षी भाऊजींनी तह काढला. "नव्या तांदळाचा एक घास मी खातो. डॉक्टर काय फाशी देत नाय एका घासाला. पण तू यातला एक तुकडा खायचा."

ताईने विचार केला. "खाईन. आधी तुमी."

"छे. आधी तू."

"आधी तुमी."

झालं. त्या वर्षी कुणीच खाल्लं नाही. पुढच्या वर्षी गोण आली, पुन्हा तेच. मी मध्यस्थी करू पाहिली, दोघांनी एकाच वेळी तोंडात टाका म्हटलं. ताई म्हणाली, "यांच्यावर कोण विश्वास ठेवणार?" भाऊजी म्हणाले, "बरोबर बोलते ती." अशा घरात मध्यस्थाने बेकन खावं आणि गप्प बसावं.

आणि अंगठा भरला. गोळ्यांनी भरला, चालण्याने भरला की कशाने, डॉक्टरांनी पाठ थोपटली ती भाऊजींची. त्यांनी मला मोजा काढून दाखवला, एखादं नवं बाळ दाखवावं तसा. मग आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "औंदा तांदूळ लवकर आण, बाळू. औंदा मी हरायचं ठरवलंय."

आमचं भात तेव्हा कापून खळ्यावर पडलं होतं. झोडायचं बाकी होतं.

त्या रविवारी सकाळी ताई आत भाकरी करत होती. पडवीत तवा मांडल्याचा आवाज तिने ऐकला, फ्रीज उघडल्याचा ऐकला, पट्ट्यांचा कागद फाटल्याचा ऐकला. मग नेहमीची शांतता, ती भाऊजी नुसते बघत बसायचे ती. ताईची भाकरी झाली, दुसरी झाली. चुरचुर नाही. टकटक नाही. आपल्याला टकटकीची वाट बघायची सवय लागली आहे, हे तिला तेव्हा कळलं, असं ती मला पुढे म्हणाली. ती उंबरा ओलांडून बाहेर आली. भाऊजी खुर्चीत होते, चिमटा मांडीवर, तोंड तव्याकडे. तव्यावर पट्ट्या एकीला एक न लागता मांडलेल्या होत्या. शेगडी पेटवलेली नव्हती. ताईने तव्याला हात लावून बघितला, आणि मग त्यांच्या हाताला.

दहाव्याला मी खळ्यावरचं थोडं भात घाईने झोडून, कांडून आणलं. पिंड त्याच नव्या तांदळाचे व्हावेत, एवढंच माझ्या डोक्यात. घिवलीच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांत कावळे खंडीभर. एकही खाली उतरेना. नितीन म्हणाला, "पप्पा, आईला मी पुण्याला नेणार नाही, तिला वाडी सोडायला लावणार नाही." कावळे हलले नाहीत. मी म्हणालो, "भाऊजी, ताईकडे दर रविवारी येत जाईन." एका कावळ्याने मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं. माझ्या रविवारी येण्यामागचं कारण त्याला ठाऊक असावं. ऊन चढलं. भटजींनी घड्याळ बघितलं. कुणीतरी मागून पुटपुटलं, "भात सोडला होता ना त्यानं." शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि आम्ही माना खाली घालून परतलो.

ताई दारात उभी होती. "शिवला?"

नितीनने नकारार्थी मान हलवली. "दर्भाचा केला, आई."

ती सरळ पडवीत गेली आणि खुंटीवरचा तवा काढला. भाऊजींच्या बहिणीने, म्हणजे नितीनच्या आत्यांनी, तिला फ्रीज उघडताना पाहिलं आणि त्या पुढे झाल्या. "अगो, दहाव्याच्या दिवशी? घरात?"

"उंबऱ्याच्या बाहेर हाय मी, वन्सं," ताई म्हणाली. "हिथं त्यांचा कायदा."

तिने पट्ट्या थंड तव्यावर मांडल्या, एकीला एक न लागता. शेगडी पेटवली. कधी उलटायच्या हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. दाराआड बसून तिने सगळं पाठ केलेलं होतं. वास पडवीभर, वाडीभर पसरला. आत्या नाक धरून आत गेल्या. नितीन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. ताईने केळीच्या पानावर नव्या तांदळाचा भात वाढला, शेजारी एक पट्टी ठेवली, आणि पान पडवीच्या कठड्यावर ठेवलं. शेवग्यावर एक कावळा येऊन बसला होता. तो बसूनच राहिला.

ताईने चिमटा उचलला आणि तव्याच्या कडेवर वाजवला. टक, टक.

काही झालं नाही. ती बराच वेळ शेवग्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आधी मी. बरं, आधी मी." तव्यातली एक पट्टी घेतली, मोडली, आणि तुकडा तोंडात टाकला. सावकाश चावला. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण चेहरा खाण्याकडे लक्ष असल्यासारखा. "खारट हाय," म्हणाली.

कावळा कठड्यावर उतरला. बेकनच्या पट्टीकडे त्याने बघितलंही नाही. भातात चोच घातली, एक घास उचलला, आणि गेला.

कावळे भात खातात, हे मला माहीत आहे. रोज आमच्या खिडकीत खातात. मी सरकारी कचेरीत जन्म घालवलेला माणूस, पुराव्याशिवाय सही करत नाही. पण पट्टी तिथेच राहिली. संध्याकाळपर्यंत तिला कशानेच तोंड लावलं नाही, मुंग्यांनीसुद्धा नाही.

पुढे ताईने बेकन कधी खाल्लं नाही, केलंही नाही. छोटा फ्रीज देऊन टाकला. तवा खुंटीवर आहे, चिमटाही. कावळ्याला दिलेला शब्द म्हणून मी रविवारी जातो. आम्ही दोघं स्वयंपाकघरात समोरासमोर बसतो, आमटी-भात, वर तळलेला मासा. आणि कधी कधी, भात वाढून होतो न होतो तोच, पडवीतून आवाज येतो. टक, टक.

ताई हातातला घास तसाच धरून माझ्याकडे बघते. "बाळू, जाऊन बघ."

"आधी तू," मी म्हणतो.

कुणीच उठत नाही. उठून बघितलं आणि पडवीत कुणी नसलं तर काय करायचं, हे आमचं दोघांचंही अजून ठरलेलं नाही. वास मात्र आत येतो, उंबरा ओलांडून. ताई आता त्याला अडवत नाही.